एक चावी चालू असतानाच दुसरी करून घ्या: सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेणाऱ्यांसाठी

फोन येतो. समोरचा विचारतो, "भाऊ, चावी बनवायला किती लागतील?" मी उलट विचारतो, "एक तरी चालू आहे का?" पुढचं सगळं या उत्तरावर ठरतं. खर्च किती, दिवस किती, गाडी जागेवर उघडेल की फ्लॅटबेडवर चढवावी लागेल. "आहे" म्हणाला तर काम बहुतेक वेळा एका बैठकीत होतं. "नाही" म्हणाला तर मी त्याला आधी बसून घ्यायला सांगतो.

मी छत्रपती संभाजीनगरात गाड्यांचं इलेक्ट्रिकलचं काम करतो आणि त्यातलं निम्मं काम आता चाव्यांचं झालंय. भारी गाड्यांची हौस आपल्याकडे नवी नाही. २०१० च्या ऑक्टोबरात इथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका झटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा देशभर आपल्या गावाचं नाव झालं होतं. पण माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक आता वेगळं आहे. लातूरचा तिशीतला डॉक्टर, जालन्याचा स्टीलवाला, बीडच्या ठेकेदाराचा पोरगा. मुंबई-पुण्याहून सेकंडहँड दोन दारांची गाडी आणलेली, समृद्धीवर एकदा पळवून झालेली, आणि दलालानं हातात ठेवलेली चावी मात्र एकच. "दुसरी कुरिअर करतो, शेठ." ते कुरिअर आजवर कुणाला मिळालेलं मी पाहिलं नाही. हे सगळं लिहितोय ते अशा लोकांसाठी.

चावीच्या पोटात काय असतं

चावी एक दिसते, पण तिच्यात तीन वेगवेगळ्या वस्तू असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी बिघडतात.

पहिलं पातं. दार उघडायचं, आणि जुन्या गाडीत इग्निशन फिरवायचं. स्पोर्ट्स कारमध्ये ते बहुतेक वेळा मधोमध नागमोडी खोबणी कोरलेलं असतं. रस्त्याच्या कडेला छत्री लावून कानशीनं घासून चावी करणाऱ्याच्या हातात कसब असतं, त्याबद्दल मला आदरच आहे, पण ही खोबणी कानशीनं होत नाही. तिला कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन लागतं. पात्याच्या साच्यालाही नंबर असतो. ऑडी-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांना एचयू-६६, बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांना एचयू-९२. ब्लँक, म्हणजे कोरं पातं, मागवताना हा नंबर चुकला की पातं कुलपात शिरतच नाही.

दुसरी चिप, म्हणजे ट्रान्सपॉन्डर. गव्हाच्या मोठ्या दाण्याएवढी काचेची नळी असते, नाहीतर काळा चौकोनी तुकडा. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या भोवती किंवा गाडीत ठरलेल्या जागी तांब्याची कॉइल असते. ती साधारण १२५ किलोहर्ट्झची लहर सोडते आणि तेवढ्या शक्तीवर चिप जागी होते. गाडी एक आकडा फेकते, चिप आपल्या गुप्त सूत्रानं त्याचं उत्तर देते. उत्तर जुळलं तरच इम्मोबिलायझर, म्हणजे गाडीतला चोरी रोखणारा पहारेकरी, इंजिनाला परवानगी देतो. पातं हुबेहूब असलं तरी चिप नसेल तर इंजिन चालणार नाही.

तिसरा रिमोट. लॉक-अनलॉकची बटणं आणि बटण-स्टार्ट गाडीत चावी जवळ असल्याची ओळख. याला सेल लागतो. आपल्याकडच्या आणि युरोपातल्या बहुतेक रिमोटची वारंवारता ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास, अमेरिका-जपानकडच्या बऱ्याच गाड्यांची ३१५. हे आकडे लक्षात ठेवा, खरेदीच्या वेळी लागणार आहेत.

आता बघा, चिप जिवंत आणि रिमोट मेलेला असेल तर गाडी सुरू होते पण दार बटणानं उघडत नाही. रिमोट चालू आणि चिप पडलेली असेल तर दार उघडतं पण इंजिन लागत नाही. "चावी बिघडली" असं न सांगता यातलं नेमकं काय होतंय ते सांगितलंत, तर कारागिराचा अर्धा तास आणि तुमचे काही पैसे वाचतात.

आधी खात्री करा की चावीच गेलीय

माझ्याकडे प्रोग्रामिंगला म्हणून येणाऱ्यांतले बरेच जण नवा सेल टाकून परत जातात. सीआर-२०३२ किंवा सीआर-२०२५, तीन व्होल्टचा नाण्यासारखा सेल. जुन्यावर जो नंबर छापलाय तोच टाका, कारण जाडीत फरक असतो. सेल मेलेला असतानाही बटण-स्टार्ट गाडी सुरू करायची जागा ठरलेली असते. कुठे स्टिअरिंगच्या कॉलमवर चावीची खूण असते, कुठे स्टार्टच्या बटणालाच चावी टेकवायची, कुठे कन्सोलमध्ये खाच असते. ती जागा मॅन्युअलमध्ये बघून आजच पाठ करा. रात्री दौलताबादच्या घाटात मोबाइलच्या उजेडात ती सापडत नाही.

सेलनंतर गाडीची बॅटरी. स्पोर्ट्स कार रोज चालत नाही, महिना महिना झाकून उभी असते आणि बॅटरी हळूहळू उतरते. मग मालकाला वाटतं चावी गेली. याची एक गंमत पोर्शवाल्यांना माहीत असायला हवी. ९११ च्या बऱ्याच पिढ्यांत बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि ती डिकी उघडते विजेवर. म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत जायचा रस्ताच बंद. ९९७ पिढीच्या गाडीत फ्यूज बॉक्समध्ये एक ओढून बाहेर काढायचं प्लस टर्मिनल ठेवलेलं आहे. बाहेरच्या बॅटरीची प्लस वायर तिथे लावायची, मायनस दाराच्या लोखंडी कडीला, आणि मग बटण दाबून डिकी उघडायची. हे माहीत नसलेल्या एका गॅरेजनं डिकीचं कुलूप पहारीनं उचकटलेलं मी पाहिलंय. रंगाचं काम चावीपेक्षा महाग पडलं.

तिसरी शक्यता, रिमोट आणि गाडीचा मेळ तुटलेला. रिमोट प्रत्येक दाबाला नवा कोड पाठवतो. पोराच्या हातात चावी दिली आणि त्यानं गाडीपासून लांब बसून शेकडो वेळा बटण दाबलं, तर रिमोट पुढे निघून जातो आणि गाडी मागे राहते. बऱ्याच गाड्यांत पात्यानं दार उघडून, इग्निशन चालू करून लगेच बटण दाबलं की मेळ परत बसतो. पद्धत मॉडेलनुसार बदलते, पण खर्च शून्य.

चिप खरंच बोलत नसेल तर मीटरवर गाडी-कुलूप किंवा चावीचं चिन्ह लुकलुकतं. फोक्सवॅगन-ऑडी-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन सुरू होऊन सेकंदा-दीड सेकंदात बंद पडतं. डिझेल संपल्यासारखा आवाज न होता, कुणी गळा दाबावा तसं. हे दिसलं की समजा, विषय इम्मोबिलायझरचा आहे.

आणि नुसती केस तुटली असेल तर नवी केस घ्या, बाकी काही नको. फक्त एक करा. जुनी केस फेकण्याआधी तिच्या कोपऱ्यात चिकटवलेली चिप काढून नव्यात बसवा. सर्किटवर चिप नसून केसमध्ये वेगळी बसवलेली असते अशा चाव्या भरपूर आहेत. परभणीच्या एका गिऱ्हाइकानं तीनशेची नवी केस घातली, जुनी घंटागाडीत टाकली आणि दुपारी मला फोन केला, "रिमोट चालायलाय, पण गाडी सुरूच होईना!"

कागद

कागदाला कंटाळू नका. आरसी, मालकाचं ओळखपत्र, विम्याची पॉलिसी. चावी हरवली असेल तर पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद. आरसीवरचा चासी नंबर आणि काचेखाली किंवा बॉडीवर कोरलेला १७ अक्षरांचा नंबर तंतोतंत जुळला पाहिजे. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. कुणी "ओ" लिहून दिला असेल तर तो शून्य आहे. चावी याच नंबरावर मागवली जाते, म्हणून एक अक्षर चुकलं की दुसऱ्याच कुणाच्या गाडीची चावी जर्मनीहून निघते.

गाडी एमएच-०२ ची आणि आरसी अजून जुन्या मालकाच्या नावावर असेल तर आधी ट्रान्सफर करून घ्या. शोरूम परक्या नावावर चावी देत नाही आणि शहाणा कारागीरही देत नाही. आरसी न बघता जो चावी करून देतो, तो उद्या तुमचीही चावी दुसऱ्याला करून देईल.

विम्याचं आणखी एक. गाडी चोरीला गेली तर दावा करताना विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. एकच दिलीत तर दुसरी कुठे गेली याचा खुलासा करत बसावं लागतं आणि दावा रखडतो. म्हणून गाडी घेतानाच विक्रेत्याकडून लिहून घ्या की चावी एकच मिळाली. पॉलिसीत चावी बदलून देण्याचं वेगळं कव्हर मिळतं. स्पोर्ट्स कारला ते घ्याच, कारण चावीचं बिल पाच आकडी यायला वेळ लागत नाही.

गाडी कोणत्या घराण्यातली?

प्रत्येक कंपनीची रीत वेगळी आहे. यूट्यूबवर एका गाडीचं बघून दुसरीवर करायला गेलेले लोक माझे नेहमीचे गिऱ्हाईक आहेत.

फोक्सवॅगन घराणं, म्हणजे ऑडी टीटी, आर-८, ऑक्टाव्हिया आरएस, पोलो जीटीआय. शेंद्र्याला स्कोडा आणि ऑडीच्या गाड्यांची जुळणी होते, त्यामुळे आपल्याकडे या घराण्याचं काम जाणणारी माणसं तुलनेनं जास्त आहेत. हा फायदा लातूर-नांदेडवाल्यांनी घ्यावा. इथला नियम असा की नवी चावी शिकवताना गाडीला आधी सांगावं लागतं, एकूण चाव्या किती. मग त्या सगळ्या एका पाठोपाठ एक त्याच बैठकीत दाखवाव्या लागतात. जी हजर नाही ती बाद. जालन्याचे एक काका नवी चावी करायला एकच जुनी घेऊन आले. मी विचारलं, "आणखी आहे का?" म्हणाले, "नाही." काम झालं, गाडी गेली. संध्याकाळी काकूंच्या कपाटातली तिसरी निघाली आणि ती गाडीनं ओळखली नाही. परत साठेक किलोमीटर. म्हणून येताना घरातली प्रत्येक चावी आणा, अगदी मोडकीसुद्धा. निसानच्या ३७०-झेड आणि जीटी-आर मध्येही असंच, नवी नोंदवताना जुन्याही त्याच वेळी पुन्हा नोंदवाव्या लागतात.

बीएमडब्ल्यूमध्ये चाव्यांसाठी दहा घरं असतात. शोरूममधून चासी नंबरावर मागवलेली चावी कारखान्यातूनच कापून, कोड भरून येते आणि पुढच्या रिकाम्या घरात बसते. काम कमी, वाट बघणं जास्त. बाहेर करायची असेल तर पिढी बघावी लागते. २००९ ते २०१६ च्या झेड-४ सारख्या गाडीत सीएएस नावाचं मॉड्यूल, म्हणजे चाव्यांचा हिशेब ठेवणारा छोटा कॉम्प्युटर, आहे, त्यावर अनुभवी कारागीर काम करतो. त्यानंतरच्या एफईएम आणि बीडीसी मॉड्यूलच्या गाडीत एक चावी चालू असली तरी मॉड्यूल काढून, उघडून, त्यातली मेमरी वाचावी लागते. "ओबीडीला (स्टिअरिंगखालच्या तपासणीच्या सॉकेटला) वायर लावून पाच मिनिटांत करतो" असं या गाडीबद्दल कुणी सांगितलं तर नमस्कार करून निघा.

मर्सिडीजची चावी इन्फ्रारेडवर बोलते, टीव्हीच्या रिमोटसारखी. चावीचं नाक स्विचमध्ये घातलं की प्रकाशानं संवाद होतो. त्यात आठ ट्रॅक असतात आणि हरवलेल्या चावीचा ट्रॅक बंद करून शोरूम पुढच्या ट्रॅकवरची मागवतं. साधारण २०१४-१५ पासूनच्या एएमजी गाड्यांत नवी एफबीएस-४ पद्धत आली, तिथे बाहेर चावी करायच्या भानगडीत पडू नका, सरळ शोरूम.

पोर्शला चावी शिकवायला कंपनीचं स्वतःचं पीविस नावाचं यंत्र आणि कारखान्याकडून येणारे कोड लागतात. जुन्या बॉक्सस्टर आणि ९९६ पिढीच्या ९११ मध्ये इम्मोबिलायझरचं मॉड्यूल सीटखाली जमिनीवर बसवलेलं आहे. बॉक्सस्टरच्या छताच्या पाण्याच्या वाटा पाचोळ्यानं तुंबल्या की पहिल्याच जोरदार पावसात पाणी आत येतं आणि मॉड्यूल बुडतं. आपल्याकडे आठ महिने धूळ आणि मग एकदम धो धो, त्यामुळे हे हमखास होतं. चावी करायच्या आधी सीटखालचा गालिचा दाबून बघा. ओला असेल तर दुखणं चावीचं नाही.

मस्टँग आपल्याकडे अधिकृतपणे २०१६ ला आली, बटण-स्टार्टची. तिच्या आधीच्या, किल्ली फिरवायच्या पिढीत, साधारण २००५ ते २०१४, फोर्डनं मालकाला एक सोय दिली होती. दोन चालू चाव्या हातात असतील तर त्या ठरावीक सेकंदांच्या आत एकापाठोपाठ फिरवायच्या, आणि लगेच तिसरी कोरी फिरवायची की ती नोंदली जाते. यंत्र नको, कारागीर नको. पण दोन हव्यात, एकीवर होत नाही. सगळ्या पुसून पुन्हा सुरुवात करायची असेल तर यंत्र लावून दहा मिनिटांची सुरक्षेची वाट बघावी लागते, आणि किमान दोन चाव्या शिकवल्याशिवाय इंजिन लागत नाही. अशी गाडी घेऊन एकच कोरी चावी आणली तर फेरी वाया.

शोरूम की बाहेर?

माझं पोट बाहेरच्या कामावर आहे, तरी सांगतो: गाडी वॉरंटीत असेल, किंवा आठ-दहा वर्षांच्या आतली जर्मन असेल, तर शोरूमला आधी विचारा. महाग पडेल, आठवडे लागतील, पण कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या चावीची नोंद राहते. अडचण एवढीच की काही ब्रँडांचं सर्व्हिस सेंटर मराठवाड्यात नाहीच, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. एक चावी चालू आहे तोवर ती फेरी म्हणजे सहल. चालू नसेल तर ती गाडी ओढत नेण्याची वरात होते.

बाहेरचा कारागीर निवडताना त्याच्याकडे यंत्र ऑटेलचं आहे की एक्सहॉर्सचं, यावर जाऊ नका. यंत्रं आता सगळ्यांकडे आहेत. हे विचारा: याच मॉडेलची, याच वर्षाची चावी केलीय का? काम करण्याआधी मॉड्यूलच्या मेमरीची मूळ प्रत काढून ठेवता का? काम बिघडलं तर मूळ प्रत परत भरून देता का? "बॅकअप कशाला, साहेब" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. आणि चावी क्लोन करणार की नोंदवणार हेही विचारा. क्लोन म्हणजे जुन्या चिपची नक्कल. गाडीला दोन्ही एकच वाटतात, त्यामुळे उद्या त्यातली एक हरवली तर तेवढी एकच बाद करता येत नाही. घाईच्या वेळी क्लोन ठीक, कायमसाठी नोंदवलेलीच घ्या.

कोरी चावी विकत घेताना

ऑनलाइन जुनी, "ओरिजिनल, वापरलेली" चावी स्वस्तात दिसते. घेऊ नका. फोक्सवॅगन घराणं, बीएमडब्ल्यू, पोर्श यांच्या चिपा एकदा एका गाडीला बांधल्या की बहुतेक वेळा दुसरीला लागत नाहीत. केस म्हणून वापरा, नाहीतर पेपरवेट म्हणून.

नव्या चावीतही वारंवारता, चिपचा प्रकार आणि बटणं जुन्याशी जुळवा. जुन्या चावीच्या पाठीवर किंवा आतल्या सर्किटवर पार्ट नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. ३१५ ची चावी ४३३ च्या गाडीला शिकवली तर चिप चालेल, इंजिन लागेल, पण बटण आयुष्यभर मुकं राहील. विकणारा म्हणेल, "प्रोग्रामिंग नीट झालं नाही." प्रोग्रामिंग नीटच असतं.

कामाच्या दिवशी

स्टिअरिंगच्या खाली ओबीडीचं १६ पिनांचं सॉकेट असतं, यंत्र तिथे लागतं. पण त्याआधी बॅटरी. पूर्ण भरलेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी. काम चालू असताना इग्निशन लावलेलं असतं, पंखे-मॉड्यूल जागे असतात, आणि मेमरीत लिहिताना व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकतं. म्हणून स्थिर व्होल्टेज देणारा बॅटरी सपोर्ट लावूनच काम. एसी, दिवे, म्युझिक बंद. दारं सारखी उघडझाप करायची नाहीत.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या वर्षांत एका कूपेवर काम करत होतो, साधा चार्जर लावलेला. मध्येच लोडशेडिंग. चार्जर बंद पडला, उतरलेल्या बॅटरीनं मान टाकली, आणि गाडीनं नवी चावी तर नाहीच, जुनीही ओळखायची बंद केली. बॅकअप होता म्हणून वाचलो. तरी तीन दिवस मॉड्यूल टेबलावर उघडून बसलो होतो, आणि मालक रोज संध्याकाळी येऊन काही न बोलता चहा पिऊन जायचा. ते न बोलणं अजून आठवतं. आता माझा सपोर्ट इन्व्हर्टरवर चालतो. तुमचा कारागीर वीज गेल्यावर काय करणार, हे विचारायला लाजू नका.

पैसे देण्याआधी दुकानासमोरच तपासा. जुन्या चाव्या लांब ठेवून फक्त नवी घ्या. बटणानं लॉक-अनलॉक, डिकी. पातं प्रत्यक्ष दाराच्या कुलपात फिरवा. बऱ्याच गाड्यांत ते कुलूप हँडलच्या टोपीखाली लपलेलं असतं. तिथे वर्षानुवर्षांची धूळ साचलेली असते, त्यामुळे पातं बरोबर असूनही अडतं. मग इंजिन सुरू करा, दोन मिनिटं चालू द्या, बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा. शेवटी सेल काढून ठरलेल्या जागी चावी टेकवून सुरू करा. ही तपासणी कुणी करत नाही आणि गरज नेमकी तीच पडते. त्यानंतर जुन्या चाव्या एकेक करून बघा, त्यातली एखादी बाद झाली नाही ना. यंत्रावर "नोंदलेल्या चाव्या" किती दिसतात त्याचा फोटो घ्या. तुमच्या हातात दोन आणि यंत्रावर चार दिसत असतील तर उरलेल्या दोन कुणाच्या तरी खिशात आहेत. सेकंडहँड गाडीत हे सर्रास दिसतं. पुसून टाका. पुसलेल्या चावीनं इंजिन लागत नाही, पण तिच्या पात्यानं दार मात्र उघडतं, हे विसरू नका. खरंच शंका असेल तर दाराचं कुलूपही बदला.

सगळ्याच चाव्या गेल्या तर

नवरात्रात तुळजापूरला दर्शनाला गेलेल्या एका गिऱ्हाइकाची एकुलती एक चावी गर्दीत गेली. गाडी पार्किंगमध्ये, स्टिअरिंग लॉक, गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक विजेचा. कुणीतरी हुकवाली क्रेन बोलावली. तिनं पुढून उचललं, बंपरच्या खालची लिप तुटली आणि मागची चाकं घासत गेली.

असं झालं तर आधी गाडी आहे तिथेच ठेवा. खाली झुकलेल्या गाडीला फ्लॅटबेडच हवा, आणि चाकं फिरत नसतील तर चाकांखाली घालायच्या ट्रॉल्या असलेला. मागच्या चाकांवर किंवा चारही चाकांवर चालणारी गाडी चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका, गिअरबॉक्सचा खर्च वेगळा येईल. विम्यात रस्त्यावरची मदत असेल तर तिथे फोन करताना "लो ग्राउंड क्लीअरन्स, चावी नाही, चाकं लॉक" हे तिन्ही सांगा, नाहीतर पुन्हा हुकच येतो. त्याच दिवशी पोलीस नोंद.

चावीचं काम इथे खरं अवघड होतं. एक चालू चावी असते तेव्हा बऱ्याच गाड्यांत ती नव्या चावीची साक्ष देते. साक्षीदारच नसेल तर गुप्त कोड थेट मॉड्यूलच्या मेमरीतून काढावा लागतो. डॅशबोर्ड सोडवणं, मॉड्यूल काढणं, छोट्या चिपेवर सोल्डर किंवा क्लिप लावून वाचणं. एक पाय जरी सैल लागला तरी चुकीचा डेटा येतो, म्हणून दोन-तीनदा वाचून जुळवून बघायचं. कुलपातून पात्याचा आकार काढायचं काम त्याशिवाय. काही मॉडेलना कंपनी कुलपं आणि मॉड्यूलचा पूर्ण संचच बदलायला सांगते, तेव्हा आकडा लाखात जातो. त्या तुळजापूरच्या गाडीचं बिल ऐकून मालक म्हणाला, "एवढ्यात तर गावाकडं बोअर पाडून मोटार बसली असती."

चावी मिळाल्यावर

मे महिन्यात चावी डॅशबोर्डवर ठेवू नका. या नाण्यासारख्या सेलना साधारण ६० अंशांपर्यंतच चालवायचं असतं, आणि नांदेड-परभणीच्या उन्हात बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या वर सहज जातो. चावी पाण्यात पडली तर लगेच सेल काढा, केस उघडा, सर्किट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा आणि सावलीत वाळवा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही. एकानं ज्वारीत ठेवली होती, तिची पिठूळ धूळ बटणांत गेली ती वेगळीच.

बटण-स्टार्ट गाडीची चावी रात्री दाराजवळच्या खुंटीला अडकवू नका. तिचा सिग्नल बाहेरून वाढवून गाडी उघडणारे चोर असतात. झाकणाचा स्टीलचा डबा पुरतो. आत चावी ठेवून गाडीजवळ उभे राहा, दार उघडलं नाही तर डबा चांगला.

दुसरी चावी गाडीत ठेवू नका, पहिलीच्या जुडग्यातही नको. ती घरी ठेवा आणि कुठे ठेवलीय ते आणखी एकाला माहीत असू द्या. दसऱ्याला आपण गाडीला हार घालतोच. त्या दिवशी गाडी दुसऱ्या चावीनं बाहेर काढायची. सेल संपला असेल तर तिथेच, घराच्या अंगणात कळतं.